अनुभव धागा: लो केलेली गाडी, रुंद चाकं आणि घासणारे टायर

गाडीची उंची कमी केली, रुंद अलॉय चाकं बसवली, आणि मागच्या सीटवर माणसं बसताच स्पीडब्रेकरवर 'खर्र' असा आवाज आला. हे ज्यांच्याकडे घडलंय त्यांनी इथे लिहावं. विनंती एकच. "फेंडर रोल करून घेतला (म्हणजे चाकावरच्या पत्र्याची आतली कड दाबून वळवली), प्रश्न मिटला" एवढ्यावर थांबू नका. टायर नेमका कुठे घासत होता, केव्हा घासत होता (स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर, गाडी भरल्यावर की खड्ड्यात) आणि ती जागा कशी शोधलीत, ते लिहा. जागा सापडली तर उपाय बहुतेकदा स्वस्त असतो. जागा न शोधता पत्रा ठोकायला घेतला तर पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो, हे मी आजूबाजूला खूप पाहिलंय.

माझ्यापासून सुरू करतो.

पुणे, पोलो

मूळ टायर 185/60 आर 15 (185 मिमी रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या 60 टक्के, 15 इंची रिमसाठी), रिम 6 इंच रुंद, ईटी 40. नवी रिम 16 ची, 7 इंच रुंद, ईटी 35, सोबत गाडी खाली आणणारे लोअरिंग स्प्रिंग. टायरचा आकडा सगळे बघतात, ईटी फार थोडे बघतात. हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, ते ईटी सांगतं. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. माझ्या रिमचं गणित मांडलं तर बाहेरची कड 17.7 मिमी बाहेर आली आणि आतली कड 7.7 मिमी आत गेली. म्हणजे दोन्हीकडची जागा कमी झाली.

दुकानात 195/55 आर 16 सुचवत होते. त्याचा व्यास सुमारे 621 मिमी होतो, मूळ टायरचा 603. त्या टायरने वरच्या बाजूलाही 9 मिमी जागा खाल्ली असती, म्हणून मी 195/50 घेतला. त्याचा व्यास 601, त्यामुळे स्पीडोमीटरचं कामही बिघडलं नाही.

एकटा असताना काहीच घासत नव्हतं. मागे तिघं बसली की ताम्हिणीच्या वळणांवर घासायचं. मग टायरच्या बाहेरच्या खांद्यावर खडूने जाड पट्टे ओढले, मित्रांना मागे बसवलं आणि सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून हळू गाडी नेली. उतरून बॅटरीच्या उजेडात बघितलं, तर खडू दोन ठिकाणी लागला होता. एक, चाकाच्या बरोबर वर पत्र्याची आत वळलेली कड. दुसरी जागा मला अपेक्षित नव्हती: मागचा बंपर पत्र्याला जोडणारा स्क्रू. त्याचं टोक सरळ टायरवर येत होतं. नुसता पत्रा वळवला असता तर हा स्क्रू टायर कापत राहिला असता. तो आखूड बसवला आणि मग कड रोल करून घेतली.

पोलोला मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) आहे, त्यामुळे अलाइनमेंटच्या मशीनवर मागचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलता येत नाही. "मागे थोडा कॅम्बर देऊ" असं कोणी सांगितलं तर कसा देणार, ते आधी विचारा.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिला आहे. विम्याच्या दाव्यातही हा मुद्दा निघू शकतो. हे माहीत असूनच निर्णय घ्यावा.

कोल्हापूर, स्विफ्ट

माझं पुढून घासायचं, तेही फक्त स्टेअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना. दोन ठिकाणी दाखवली, दोघांनीही मडगार्ड रोल करायला सांगितलं. गाडी जॅकवर घेऊन चाक काढलं, तेव्हा दिसलं की आतल्या प्लॅस्टिक लायनरच्या निम्म्या क्लिपा गायब होत्या आणि लायनर पुढे झुकला होता. नव्या क्लिपा लावल्या, उरलेला फुगवटा हॉट एअर गनने गरम करून मागे दाबला. आवाज गेला. पत्र्याला हातही लावावा लागला नाही.

नाशिक, होंडा सिटी (सेकंड हँड)

मी गाडी घेतली तेव्हाच ती खाली होती. पुढचे टायर आतून झिजलेले, म्हणून अलाइनमेंट करून घेतली. तरी खड्ड्यात आवाज यायचाच. माझ्या काकांनी टायरवर बोट फिरवून फरक दाखवला. टो (चाकं समोर आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) चुकला असेल तर रबरावर करवतीसारखी धार हाताला लागते. इथे तसं नव्हतं. टायरच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर गुळगुळीत, चकाकणारा गोल पट्टा होता. म्हणजे टायर शॉकअपच्या अंगाला लागत होता.

चाक उतरवल्यावर दुसरी, जास्त भीतीची गोष्ट कळली. आधीच्या मालकाने लोअरिंग स्प्रिंग घातलेच नव्हते, कंपनीचे स्प्रिंग ग्राइंडरने कापले होते. गाडी उचलली की स्प्रिंग बैठकीत सैल हलत होतं. खड्ड्यातून चाक खाली लोंबलं की ते जागेवरून सरकू शकतं. आम्ही कंपनीचे स्प्रिंग आणि मूळ मापाच्या रिम परत बसवल्या. सेकंड हँड लो गाडी घेणाऱ्यांनी चाक लोंबकळत ठेवून स्प्रिंग हाताने हलवून बघावंच.

चाकाच्या आतल्या याच जागेत ब्रेकचा पाइप आणि एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायरही असते. तिथे घासलं तर आवाज येईलच असं नाही, म्हणून डोळ्यांनी तपासा.

श्टुटगार्ट (जर्मनी), गोल्फ

इकडे स्प्रिंग बदलले की तपासणी करून कागदपत्रांत नोंद करावी लागते. मी ट्यूफकडे (गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडे) गेलो होतो. तपासणाऱ्याने पुढचं एका बाजूचं आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक ठोकळ्यांवर चढवलं, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवलं आणि प्रत्येक चाकाभोवती बॅटरी मारून बघितलं. शिवाय चाकाच्या मध्यापासून पुढे 30 अंश आणि मागे 50 अंश एवढ्या भागात टायरचा पट्टा मडगार्डने झाकलेला हवा. माझ्या 10 मिमीच्या स्पेसरमुळे (चाक बाहेर काढणाऱ्या चकतीमुळे) मागे तो झाकला जात नव्हता, म्हणून स्पेसर काढले. ठोकळ्यांची युक्ती घरीही करता येते. सपाट जमीन हवी आणि उरलेल्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडसर) लावा.

धागाकर्ता: रत्नागिरीचे दादा डेंटिंगचं काम करतात, त्यांना मुद्दाम बोलावलंय.

रत्नागिरी

रोलर हबला बोल्टने बसतो आणि पत्रा हळूहळू वळवावा लागतो. रंग आधी गरम करतो, हाताला चटका बसेल इतका, फुगे येण्याइतका नाही. कंपनीचा मूळ रंग असेल तर बहुतेक वेळा टिकतो. खाली पुट्टी भरलेली असेल तर तडकतोच, म्हणून मी आधी लोहचुंबक फिरवून बघतो. चुंबक पकडत नसेल तर गिऱ्हाइकाला सांगतो, रंगाचा खर्च धरूनच या. टायर आणि पत्र्याच्या मध्ये बॅट घालून गाडी पुढेमागे ढकलणं मी करत नाही, पत्र्याला लाटा येतात.

पण मला सांगायचंय ते गंजाबद्दल. ही कड म्हणजे दोन पत्रे एकमेकांवर वळवलेले असतात आणि मध्ये फट बुजवणारा सीलर असतो. रोल करताना तो फुटतो. कोकणात खारी हवा आणि पाऊस, फट उघडी राहिली की गंज आतून धरतो आणि बाहेरचा रंग फुगेपर्यंत दिसत नाही. म्हणून रोल झाल्यावर कड साफ करून, प्रायमर मारून, नवा सीलर आणि त्यावर अंडरबॉडी कोटिंग, हे सगळं त्याच दिवशी करून घ्या. "नंतर करू" म्हणणाऱ्याची गाडी मी सोडत नाही.