ट्रॉलीच्या चासीचा गंज काढायला हवेवरची निडल गन घ्यावी का? २ एचपी कॉम्प्रेसरवर चालेल का?

मळेकरी_मखमलाबाद

राम राम मंडळी, जरा सल्ला पायजे. घरची डंपिंग ट्रॉली आहे, वडिलांनी २००६ साली बांधून घेतलेली, द्राक्षाच्या मळ्यातली सगळी कामं तिच्यावरच, शेणखत तिच्यात, खताच्या गोण्या तिच्यात आणि फवारणीच्या दिवसांत मोरचुदाचे ड्रमपण तिच्यातच, त्यामुळे खालची चासी अशी काही गंजलीय की नख लावलं तरी पापुद्रे सुटतात, चिरोट्याला सुटतात तसे. खरड छाटणी उरकलीय, पाऊस लागायच्या आत साफ करून रंगवायचीय.

ग्राइंडरला तारेचा कप लावून दोन दिवस घासलं. सपाट जागा मस्त चकाकली पण चॅनल आणि आडवा अँगल जिथं वेल्ड केलाय त्या कोपऱ्यात कप जातच नाही, वर कपाच्या तारा उडून बनियनला टोचून बसल्या त्या वेगळ्या. छिन्नी-हातोडीनं अख्ख्या सकाळीत दीड फूट झालं. मग परवा अंबडला एका शेडमध्ये बघितलं, एक पोरगा पिस्तुलासारखं काहीतरी घेऊन बसलेला, पुढून खराट्यासारख्या सुया बाहेर आलेल्या, टर्रर्रर्र आवाज आणि गंजाची खपली अशी गळत होती जशी भाजलेल्या शेंगदाण्याची सालं. नाव विचारलं तर निडल स्केलर, म्हणजेच निडल गन म्हणाला.

ऑनलाइन बघतोय तर १२ सुयांचं, १९ सुयांचं, २८ सुयांचं, पिस्तूल टाइप, सरळ दांड्याचं, डोकं गरगरलं. माझ्याकडे २ एचपीचा कॉम्प्रेसर आहे, ११० लिटरची टाकी, सिंगल फेज, पंक्चर आणि फिल्टर झटकायलाच वापरतो. त्याच्यावर चालेल का, कुठलं घेऊ, आणि पत्र्याला पोचे पडतात का?

अंबड_फॅब

भाऊ, सगळे आधी गन बघतात आणि हवा नंतर, तिथंच फसतात. आधी हवा बघा.

ढोबळ हिशोब असा की एका एचपीला साडेतीन-चार सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा धरतात, पण ते कागदावर. तुमच्या २ एचपी सिंगल स्टेजची टाकीत खरी पडणारी हवा पाच-साडेपाच धरा, जुना असेल तर त्याहून कमी. १९ सुयांची गन सलग दाबून धरली तर ८ सीएफएमच्या आसपास आरामात ओढते. बॉक्सवर छापलेला आकडा बघून हुरळू नका, बऱ्याचदा तो थांबत थांबत चालवायचा सरासरी आकडा असतो. आता बघा, टाकी ८ बारला भरलीय आणि गनला ६.२ बार म्हणजे ९० पीएसआय लागतात, म्हणजे मधली पावणेदोन बार हवा काय ती तुमची शिल्लक, ११० लिटरच्या टाकीत ती सात घनफूट भरते. दर मिनिटाला अडीच घनफूट तूट आली की पावणेतीन-तीन मिनिटांत गन मंदावणार. मग दीड मिनिट थांबायचं, टाकी भरू द्यायची, परत सुरू. घरच्या एका ट्रॉलीला हे चालतं हो, उलट हाताला विश्रांती मिळते. फक्त मोटारीला हात लावून बघत जा, पंक्चरवाला कॉम्प्रेसर दिवसभर पळवायला बनवलेला नसतो.

म्हणून २८ सुयांचं डोक्यातून काढून टाका, त्याला ५ एचपी तरी पायजे. १२ किंवा १९ सुया, ३ मिमीच्या, पिस्तूल टाइप. सरळ दांड्याची गन अडचणीत घुसायला बरी पण खाली उताणं झोपून वरच्या अंगाला मारायचं असेल तर पिस्तूलच हातात नीट बसतं.

आणि दुसरी गोष्ट जी कोणी सांगत नाही, पाइप. तुमच्याकडे निळा पीयूचा (प्लास्टिकचा) ८ मिमी पाइप असणार, गुंडाळीवाला. तो बाहेरून ८ असतो, आतून ५ मिमीच. टाकीचा काटा ७ बार दाखवतो आणि गनपाशी ४ पण पोचत नाही, मग माणूस म्हणतो गन भिकार निघाली. आतून १० मिमी भोकाचा रबरी होज घ्या, किंवा कमीत कमी १२ मिमीचा पीयू, तो आतून ८ असतो. गनजवळ टी (तीन तोंडांचा जोड) टाकून एक गेज लावा आणि ट्रिगर दाबलेला असताना वाचा. ट्रिगर सोडून वाचलेल्या प्रेशरला काही अर्थ नाही.

गोदाकाठ_७७

कशाला एवढा कुटाणा, सरळ सँडब्लास्टिंगला टाका ना, एका दिवसात पांढरीशुभ्र करून देतात.

अंबड_फॅब

@गोदाकाठ_७७ पूर्ण ट्रॉली सोडवून, चाकं-जॅक-फाळके (बाजूच्या फळ्या) काढून टेम्पोत टाकून न्यायची तयारी असेल तर ब्लास्टिंगसारखं काही नाही, मान्य. पण ते चांगल्या ठिकाणी करा, ग्रिट (लोखंडी दाणे) नाहीतर कॉपर स्लॅग (तांबं गाळून उरलेल्या मळीचे दाणे) वापरणाऱ्याकडे. अजून काही जण नदीची वाळू मारतात, तिची धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस, आणि तो परत निघत नाही. मळ्यात उभ्या ट्रॉलीचं काम मात्र निडल गननं होतं.

जुना_फिटर_सातपूर

तीस वर्षं मेंटेनन्सला होतो, ही गन हातात घेऊन अर्धं आयुष्य गेलं म्हणायला हरकत नाही, म्हणून लिहितो.

आत काय असतं ते समजून घे म्हणजे वापरता येईल. हवेनं एक पिस्टन पुढं-मागं होतो, तो सुयांच्या बुडाला ठोसा देतो, मिनिटाला दोन-चार हजार वेळा, आणि स्प्रिंग सुया परत मागं घेते. प्रत्येक सुई सुटी असते. त्यामुळे समोर नटाचं डोकं आलं तर चार सुया मागं राहतात, बाकीच्या खाली जातात, सगळा जुडगा त्या आकाराचा होतो. कोपऱ्यात, रिव्हेटभोवती, वेल्डच्या माळेवर ती चालते ती याच्यामुळे. पण सपाट मोठ्या पत्र्यावर ती घालवणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं, तिथं तुझा ग्राइंडरच बरा. तरी कपाबद्दल एक ऐक, तारेचा कप बऱ्याचदा गंज काढत नाही, गंजाला पॉलिश करतो. वरून चकाकतं, खड्ड्यात काळं तसंच. ज्या जागा तू झाल्या म्हणतोस तिथं उन्हात तिरकं बघ.

मारताना गन जवळजवळ काटकोनात धरायची, जराशी कललेली, आणि दाबायची नाही. नवीन माणूस अंगाचा भार टाकतो, मग सुया मागं अडकतात आणि ठोका बसतच नाही. टेकवल्यासारखी धर आणि सरकवत राहा, घरातली बाई रांगोळीचा हात कसा सरकवते तसा. एका जागी धरली तर खळगा पडतो. लोखंडाला टेकवायच्या आधी हवेत ट्रिगर दाबून फुर्रफुर्र करत बसू नकोस, तो मार सगळा गनच्याच तोंडाला बसतो.

पोच्याचं विचारलंस. चॅनलला, जाड अँगलला काही होत नाही. ३ मिमीच्या खालच्या पत्र्याला मात्र लावूच नको, मडगार्ड असो नाहीतर फाळक्याचा पातळ पत्रा, ठोक्यांनी ताणला जातो आणि पापडासारखा फुगतो. डिझेलच्या टाकीजवळ नाही, ठिणगी उडते. कॉम्प्रेसरच्या टाकीला तर अजिबात नाही. जॅकचा क्रोमचा रॉड जुन्या ट्यूबच्या रबरात गुंडाळून ठेव, त्याच्यावर एक सुई घसरली तरी सील फाडत राहील जन्मभर.

तेल रोज घालायचं, सुरू करायच्या आधी हवेच्या तोंडात तीन-चार थेंब, टूलचं पातळ तेल, ३२ ग्रेडचं. इंजिन ऑइल नको, आत चिकटून बसतं. टाकीचं पाणी सकाळ-संध्याकाळ काढ, नाहीतर गंज काढायचं टूल आतून गंजतं, चेष्टा नाही, माझ्या समोर झालंय. कपलर (होज झटकन जोडायचा-सोडायचा जोड) थेट गनच्या बुडाला लावू नकोस, हादऱ्यानं आठवड्यात खिळखिळा होतो, मधे हातभर होज ठेव आणि कपलर त्याच्या टोकाला. सुया झिजून आखूड झाल्या की सगळा सेट एकदम बदल, दोनचार नव्या घातल्या तर मार त्याच खातात. म्हणून गन घेताना दुकानदाराला आधी सुया मागायच्या, गन नंतर. ३ मिमी जाड १८० मिमी लांब सुई सर्रास मिळते. शिकागो न्यूमॅटिक, निट्टो असल्या नावाच्या गन महाग आहेत पण सुट्टे भाग मिळतात. एका ट्रॉलीसाठी स्वस्तातली चालेल, सुया मिळत असतील तर.

शेवटचं हाताचं. आमच्या वेळी कोण हातमोजे घालतंय. आता डिसेंबरात निफाडला लेकीकडे जातो तेव्हा सकाळी उजव्या हाताची दोन बोटं पेरापर्यंत पांढरीफटक पडतात, चहाचा कप हातात आहे का नाही ते बघून कळतं. डॉक्टर म्हणाले हादऱ्याचा परिणाम. दहा-पंधरा मिनिटं झाली की गन खाली ठेव, बोटं चोळ, दिवसात सगळं मिळून तासाभराच्या वर नको. आणि आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, नुसता कापूस कोंबून भागत नाही, फोमचे प्लग आत आणि वरून कानटोप्यासारखे मफ.

मळेकरी_मखमलाबाद

काका, एवढं कोणी दुकानात सांगितलं नसतं, खरंच आभार. हात जपा.

अपडेट देतो. १९ सुयांची पिस्तूलवाली आणली, होज बदलला. पहिल्या दिवशी तीन मिनिटं चालव दीड मिनिट थांब असंच केलं, फॅबवाल्या भाऊंचा हिशोब घड्याळ लावल्यासारखा निघाला. मागच्या आडव्या अँगलचा कोपरा जो छिन्नीनं हलत नव्हता तो पाच मिनिटांत मोकळा, वेल्डरनं २००६ ला सोडलेला स्लॅगसुद्धा (वेल्डवरची खपली) आतून पडला 😄 आई म्हणाली घरात टीव्ही ऐकू येत नाही, शेजारचे अण्णा बांधावर येऊन उभे राहिले बोअर घेताय का म्हणून.

एक वांधा झाला. ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीपासून दोन फुटांवर, चॅनलच्या खालच्या बाजूला जाडजूड पापुद्रा होता, त्याच्यावर मारत गेलो आणि सुया एकदम आत गेल्या. बोट जाईल एवढं भोक. गननं पाडलं का आधीच होतं?

रंगारी_सिडको

आधीच होतं दादा. गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट फुगतो, म्हणून बाहेरून चॅनल जाड दिसतं आणि आत काही उरलेलं नसतं. सुया चांगल्या लोखंडातून आरपार जात नाहीत. आजूबाजूला व्हर्नियर लावून जाडी मोजा, भोक दिसतंय त्याच्यापेक्षा आजारी जागा मोठी असते.

बाकी मी रंगाचं सांगतो कारण इथंच लोक घाण करतात. तुमच्या ट्रॉलीत खत आणि मोरचूद जातं, त्याचे क्षार खड्ड्यांच्या बुडाशी बसलेले असतात, सुयांनी गंज जातो, क्षार जात नाहीत. मोरचूद तर उघड्या लोखंडावर तांब्याचा थर सोडतं आणि लोखंड खातं, लहानपणी खिळा बुडवून बघितलाच असेल शाळेत. म्हणून पहिला हात मारून झाला की साध्या स्वच्छ पाण्यानं दाबून धुवा, हवेनं लगेच कोरडं करा, हलका तांबूस गंज धरेल तर धरू द्या, मग गनचा दुसरा हलका हात मारा. ग्रीस-तेल असेल तर ते मात्र गन लावायच्या आधी पुसायचं, नाहीतर सुया ते लोखंडात ठोकून बसवतात आणि प्रायमर तिथून सोलतो.

दुसरा हात मारला की त्याच दिवशी प्रायमर. रात्रभर उघडं ठेवलं की सकाळी परत लाल, आपल्याकडे मेअखेरीला हवा दमट व्हायला लागते तेव्हा तर नक्कीच. सुयांनी जो खरखरीतपणा येतो त्याच्यावर प्रायमर चांगला धरतो, तो पॉलिश पेपरनं गुळगुळीत करू नका, कित्येक जण हौसेनं करतात. शक्य असेल तर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर लावा, वेल्डच्या माळा आणि कडांना आधी ब्रशनं एक हात, मग सगळीकडे.

आणि धूळ. जुना लाल प्रायमर म्हणजे बहुतेक रेड ऑक्साईड झिंक क्रोमेट, त्यातलं क्रोमेट विषारी. रंगातलं शिसंही आहेच. २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना, तुमची ट्रॉली तर २००६ ची. रुमाल बांधून भागणार नाही, नीट बसणारा एन-९५ तरी पायजे, खाली ताडपत्री अंथरा आणि खपल्या गोळा करून पोत्यात भरा. जनावरांच्या गव्हाणीजवळ तर हे काम करूच नका, गुरं चाटतात.

मळेकरी_मखमलाबाद

गव्हाणीचं बरं सांगितलंत, शेड गोठ्याला लागूनच आहे, उद्या ट्रॉली ओढून चिंचेखाली नेतो. व्हर्नियर लावला, भोकाच्या मागंपुढं वीतभर चॅनल पातळ झालंय, कुठं ३ कुठं २ मिमी, चांगल्या जागी ५ भरतं. आता इथं पट्टी मारू का चॅनलच बदलू?

अंबड_फॅब

वीतभरच असेल तर पट्टी चालेल, पण चौकोनी मारू नका. चासीच्या लांबीला आडवा वेल्ड आला की लोड आल्यावर बरोबर त्याच रेषेत तडा जातो. पट्टी पतंगाच्या आकाराची कापायची, येवल्याच्या पतंगासारखी, टोकं चॅनलच्या लांबीत, आणि चांगल्या लोखंडावर दोन्हीकडे चार-चार इंच पुढं जाऊ द्यायची. पातळ भाग आधी कापून टाका, सडक्यावर वेल्ड धरत नाही. दांडीजवळची जागा आहे, सगळा ओढ तिथंच येतो, तेव्हा गल्लीतल्या कुणाकडून पॅच मारून घेऊ नका.

मळेकरी_मखमलाबाद

मग तुमच्याकडेच आणतो भाऊ. उद्या दुपारी शेड उघडी असते ना?

अंबड_फॅब

चारनंतर या, दुपारी लाइटचा भरवसा नाही. फाळका काढून आणा आणि येताना ती गनपण टाका ट्रॉलीत, वेल्ड झाल्यावर स्लॅग तिच्यानंच झाडू. माझ्या गनच्या सुया संपल्यात.