तऱ्हेवाईक हेर आणि आपण: सीमाभागातले अनुभव

धागाकर्ता, वडगाव (बेळगाव)
हाणामारी नाही, पाठलाग नाही, वागणं मात्र तिरपागडं, अशा हेरांच्या मालिका तुम्ही कुठे, कुणासोबत बघितल्या? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांनी हात आखडता न घेता लिहा. मीच सुरू करतो. १९८५चा 'करमचंद', दूरदर्शनवरचा. काळा चष्मा लावलेला पंकज कपूर गाजर कुडतुडत यायचा, त्याची सहायक किटी भाबडं काहीतरी बोलायची आणि तो तिला गप्प करायचा. आमच्या गल्लीत घरोघरी साड्यांचे माग. त्या खडखडाटात संवाद ऐकू येईनात, म्हणून मालिकेपुरते आमच्या ओळीतले माग थांबायचे. हिंदी निम्म्यांना अर्धवट कळायची. शेजारच्या कन्नड अज्जींना अजिबातच नाही, खरं खुनी त्याच सगळ्यांच्या आधी ओळखायच्या. कसं काय विचारलं तर म्हणायच्या, तो फार रडतोय की!

निपाणीची लेक
आमच्याकडं ब्योमकेश. १९९३ साली आला, दिग्दर्शन बासू चटर्जींचं, भूमिकेत रजित कपूर. आई, मावशी, शेजारणी विड्या वळत बघायच्या. मांडीवर सूप, नजर टीव्हीवर, बोटं आपली आपण चाललेली. धोतर नेसलेला हेर बघून मावशी म्हणाली, "ह्यो कसला पोलीस, ह्यो तर शाळंतला मास्तर!" पुढं मात्र तिलाच तो सगळ्यात जास्त आवडला. आरडाओरडा नाही, समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचा. मुकादमानं पण असंच ऐकावं, असं ती म्हणायची. त्याच्या शेजारी त्याचा मित्र अजित होता म्हणून बरं. जे आम्हाला विचारायचं असायचं ते तोच विचारायचा.

रानवाट, खानापूर
पावसाळ्यात आमच्याकडं उलगडा सुरू झाला की लाईट गेलीच म्हणून समजा. मग सकाळी बेळगावच्या बसमध्ये चौकशी. एकदा कंडक्टरनं तिकीट देता देता भलत्याचंच नाव सांगितलं आणि मी कित्येक वर्षं एका बिचाऱ्या नोकराला खुनी समजत होते.

जुना कारकून, टिळकवाडी
कोलंबोचं नाव अजून कसं आलं नाही? पीटर फॉकची ती मालिका १९७१ ते ७८ अमेरिकेत चालली, नंतर १९८९पासून पुन्हा आली. मी बघितली निवृत्तीनंतर, नातवाच्या लॅपटॉपवर. खून कुणी केला ते सुरुवातीलाच दाखवतात. घरच्यांनी तिथंच नाकं मुरडली: मग बघायचं काय? मला तर तेच हवं होतं. मळका रेनकोट (तो म्हणे फॉकचा स्वतःचाच), खटारा प्युजो गाडी आणि सतत बायकोच्या गोष्टी, जी कधीच दिसत नाही. खुनी श्रीमंत, शिकलेला. या गबाळ्याला तो मोजतच नाही. कोलंबो दारापर्यंत जातो, वळतो, "अजून एकच" म्हणतो. कोर्टात उभा जन्म काढला, पिंजऱ्यात चाचरणारा माणूस बाहेर चहाच्या गाड्यावर घडाघडा बोलताना बघितलाय. हा लेखक कधीतरी कोर्टाच्या आवारात बसलेला असणार, असं मला वाटतं. पुरावा नाही, माणसाचा गर्वच त्याला अडकवतो.

आंगोळकर
सीआयडी चालेल का? दया, दरवाजा तोड दो!

धागाकर्ता
नाही. दार मोडून आत शिरणारे या धाग्यात बसत नाहीत. वेगळा काढा.

शहापूरची सून
मला मंक. अमेरिकन मालिका, २००२ ते २००९, भूमिकेत टोनी शालहूब. हस्तांदोलन झालं की लगेच हात पुसणार, वस्तू वाकडी दिसली की सरळ करणार. माझ्या सासूबाईंचं सोवळं आठवून आम्ही दोघी जावा हसून बेजार. पाण्याच्या कळशीला नुसता धक्का लागला तरी पाणी ओतून द्यायच्या.

नाव नको
ताई, हसा, खरं एक सांगते. माझ्या भावाला मंत्रचळ आहे. कुलूप लावलं का ते बघायला तो अर्ध्या रस्त्यातून परत येतो. मंकच्या पहिल्या काही भागांत मला राग आला होता, आजाराची थट्टा म्हणून. भाऊ मात्र टक लावून बघायचा. बायको ट्रूडी गाडीतल्या बॉम्बस्फोटात गेल्यावर मंक पार कोसळतो, पोलिसांतली नोकरीही जाते. बाकी सगळ्यांचे खून तो सोडवतो, तिचा मात्र शेवटच्या भागापर्यंत सुटत नाही. भाऊ म्हणाला, "ह्याला सगळं दिसतं म्हणून तर त्रास होतो." नंतर तो डॉक्टरांकडं स्वतःहून गेला. मालिकेमुळं गेला असं मी म्हणणार नाही, घरातलेही मागे लागलोच होतो.

शहापूरची सून
चुकलंच. आता कुठला भाग बघू?

नाव नको
चुकलं कसलं, तो स्वतः पण हसतो. कचऱ्याच्या संपाचा बघा. गावभर ढीग साचलेत, वासानं मंकचं डोकं चालेना, आणि भलत्याच माणसाला, चक्क गायक अ‍ॅलिस कूपरला, खुनी ठरवून मोकळा होतो. भावाचा आवडता भाग आहे तो.