रानात पावसाने गाठलं आणि आडोसा केला: तुमचे अनुभव लिहा

काल सोसायटीच्या गच्चीवर ताडपत्री टाकत होते, चार माणसं आणि पाच मतं, तेव्हा वैशाखऱ्याचे एक मामा आठवले. कॉलेजात होतो, नाणेघाट चढत होतो, जुलैचा पाऊस, पुढचा माणूस दिसेना. मामा शेळ्या घेऊन सागाखाली उभे. म्हणाले वर जाऊ नका आत्ता, आणि कोयत्याने दोन मेढी तोडून आडवं बांधलं, तिरप्या काठ्या टाकल्या आणि सागाची पानं लावायला घेतली, पण खालून वर, कौलं घालतात तशी. आम्ही वरून सुरू केलेलं, त्यांनी न बोलता सगळं काढलं. सागाने हात लालभडक. शेळ्या आमच्याआधी आत.

भटकी
शेळ्या 😂😂 त्यांचा पहिला हक्कच

कोकणकन्या
आमच्याकडे भाताच्या लावणीला इरलं असायचं, बांबूच्या कामट्या आणि मधे पानं. आजीचं होतं. आता सगळे खताच्या पिशवीची खोळ घेतात, हलकी पडते पण आत घामाने भिजायला होतं ते वेगळंच. आडोसा नाही हा, पण आठवलं म्हणून

शिलाँगवाला
कोकणकन्या ताई, मेघालयात खासी लोकांचं 'क्नूप' बघा, अगदी इरल्याचं भावंड. डोक्यापासून कंबरेखालपर्यंत पाठ झाकते, वाकून काम करायला दोन्ही हात मोकळे. छत्रीचा काय उपयोग तिकडच्या वाऱ्यात

ट्रेकरकाका
ताडपत्रीवाल्यांसाठी एक गोष्ट. दोरीवरून पाणी ओघळत सरळ आत येतं, म्हणून छपराच्या अलीकडे दोरीला एक सुतळी लोंबती बांधायची, पाणी तिथूनच खाली गळतं. वाऱ्याकडची बाजू पार जमिनीला टेकवा, उतार जास्त ठेवा नाहीतर मधे पाण्याचं पोट धरतं आणि मध्यरात्री सगळ्यांच्या अंगावर. वर वाळकी फांदी आहे का ते आधी बघा. आणि ओढ्याच्या पात्रात सपाट जागा दिसली म्हणून कोणी झोपू नका रे, वर घाटमाथ्यावर कोसळत असतो तेव्हा खाली कोरडंच असतं

भटकी
काका सुतळीचं माहीतच नव्हतं!! या रविवारी बाल्कनीत करून बघते

नियमवाला
सागाच्या मेढी तोडल्या? वनखात्याने धरलं असतं

धागाकर्ता
मामांच्याच बांधावरचा साग होता हो, आणि आम्ही काय, भिजलेली पोरं

अमेरिकेतून
ऑफिसात वाचतेय. पाऊस नाही, चहा नाही, साग तर नाहीच. चालू ठेवा

कोकणकन्या
मी आज कुळथाचं पिठलं केलंय, या

ट्रेकरकाका
भात कुठला, आंबेमोहर का?

कोकणकन्या
नाही हो काका, घरचा लाल