मॅप लावला की अल्झायमर? काहीही!

चष्मिष्ट: काल इथे एकाने ठोकून दिलंय की टॅक्सीवाल्यांना अल्झायमर होत नाही आणि आपण फोनवर मॅप लावून लावून मेंदूतल्या दिशा ओळखणाऱ्या पेशी मारतोय. अहो, टॅक्सीवाल्यांत अल्झायमरने मृत्यू कमी असं सांगणारा २०२४ चा तो अमेरिकन अभ्यास मृत्यूच्या दाखल्यांवरचा आहे, टॅक्सीवाले सरासरी सत्तरीच्या आतच गेलेत, अल्झायमर व्हायला जगायला नको? आणि उलटं बघा ना, आजारात टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते सुरुवातीलाच मेंदूच्या एंटोरायनल कॉर्टेक्स या भागात होतात, दिशेच्या नि ग्रिड पेशी (जागेचा नकाशा धरणाऱ्या) तिथेच. म्हणजे वाट चुकणं हे लक्षण आहे, कारण नाही.

निळूभाऊ: अर्धवट वाचू नका. वयाचा हिशोब धरूनही फरक उरतोच. बसवाल्यांत तो नाही, कारण त्यांचा रूट ठरलेला.

चष्मिष्ट: मग ज्याला मुळात वाटा कळतात तोच टॅक्सी चालवायला टिकतो, हे का नाही? २०१५ साली तर अल्झायमरचा धोका वाढवणारं जीन असलेल्या तरुण पोरांतच ग्रिड पेशींचा सिग्नल कमजोर दिसला होता. ते काय मॅपमुळे?

निळूभाऊ: असेल. पण मग बायकांना अल्झायमर जास्त का होतो? दिशेची बोंबच असते ना 😄

केतकी_ठाणे: आलात का मूळ पदावर? बायका जास्त जगतात, हे एक कारण तुम्हाला सुचलंच नाही. आणि दिशेचं म्हणाल तर सी हिरो क्वेस्ट या वाट शोधायच्या मोबाइल गेमच्या डेटात ज्या देशांत स्त्री-पुरुष विषमता जास्त तिथेच बायका-पुरुषांतला हा फरक मोठा निघाला. मुलींना सातच्या आत घरात कोंडायचं आणि वर रस्ते माहीत नाहीत म्हणून हसायचं.

निळूभाऊ: गंमत केली हो, लगेच झेंडा कशाला.

केतकी_ठाणे: गंमत? माझ्या सासूबाई रोजच्या देवळातून परत येताना चुकायला लागल्या, नावं-तारखा सगळं पाठ, तर घरात सगळे हेच, "बायकांचं असंच असतं". डॉक्टरही म्हणाले वय झालं. निदान व्हायला दोन वर्षं गेली.

सातारकर: आमच्याकडे वडिलांचं सेम. पुरुष होते हो, गाडी चालवायचे आयुष्यभर, मॅप बापजन्मात लावला नाही.

चष्मिष्ट: घ्या, निळूभाऊ.

निळूभाऊ: एका माणसावरून काय सिद्ध होतं? बरं, मॅपमुळे होतो हे सिद्ध नाही, एवढं मान्य, खूश? आणि केतकीताई, सासूबाईंचं वाईट वाटलं. पण विषमतेच्या देशांत तरी फरक आहे, हे तुम्हीच लिहिलंय.

केतकी_ठाणे: कारण काय लिहिलंय तेही वाचा की. का तिथेही मॅप लावून देऊ?