मदत हवी आहे: धुळीपलीकडे पाहणारा अवरक्त प्रकाश वर्गात कसा दाखवू?

नागपुरात आठवीला विज्ञान शिकवते. शनिवारी मुलांना जेम्स वेब दुर्बीण समजावायची आहे. ०.६ ते २८ मायक्रॉन तरंगलांबीचा, म्हणजे मुख्यतः डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश ती टिपते, म्हणून धुळीच्या ढगांत जन्मणारे तारेही तिला दिसतात. आरसा ६.५ मीटरचा, पृथ्वीपासून अंतर १५ लाख किमी, हे आकडे मुलं पाठ करतील. पण 'धुळीतून दिसतं म्हणजे नेमकं काय' हे त्यांना डोळ्यांनी बघता यावं, असं फार वाटतं.

टीव्हीच्या रिमोटचा अवरक्त दिवा मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात जांभळट चमकतो (मागच्या कॅमेऱ्यात दिसत नाही, तिथे बहुधा फिल्टर आहे). इथवर जमलं. मग काचेच्या बरणीत उदबत्तीचा धूर भरला, तर टॉर्च आणि रिमोट दोन्ही सारखेच मंदावले. कचऱ्याची जाड काळी पिशवी दुहेरी धरली, तर दोन्ही अडले.

थर्मल कॅमेरा नाही, खर्च ५०० रुपयांच्या आत हवा. वर्गात पूर्ण अंधार होत नाही, मुलं चाळीस. रमण विज्ञान केंद्राची सहल नंतर आहेच, मला वर्गातलाच प्रयोग हवाय.

टॉर्चचा उजेड अडवेल पण रिमोटचा, म्हणजे साधारण ९४० नॅनोमीटरचा, आरपार सोडेल असं बर्डीच्या बाजारात सहज मिळणारं काय वापरू?