मदत हवी आहे: थ्रीडी प्रिंटिंगच्या मॉर्टरला सहावा थर पेलत नाही

नमस्कार मंडळी. लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटिंगसाठी मॉर्टर बनवतोय: ५३ ग्रेड सिमेंट, २० टक्के फ्लाय अ‍ॅश, थोडी सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिबारीक भुकटी), चाळलेली क्रश सँड आणि पीसीई (कमी पाण्यात माल पातळ ठेवणारं रसायन). पंपातून माल छान येतो, पण सहावा थर पडला की सगळ्यात खालचा थर पोट काढतो. पाणी कमी केलं की नोझल तुंबतो, पट्टीच्या कडा फाटतात. दुपारी तर वरचा थर खालच्याला धरतच नाही. कोअर (तपासणीसाठी कापलेला गोल तुकडा) काढला, तो नेमका सांध्यातच सुटला. बंगळुरूत २०२३ मध्ये छापलेलं पोस्ट ऑफिस उभं राहिलं, म्हणजे आपल्या हवेत हे जमतं. बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) किंवा सेल्युलोजवालं व्हीएमए (माल चिकट-घट्ट करणारं रसायन) कुणी वापरलंय का? प्रमाण किती? आणि थर सुकू नये म्हणून काय करता? फार अडलंय, कृपया सांगा.