मदत हवी आहे: लॉजच्या गच्चीवर सौर डिश लावून वाफ करायची आहे, कुणी प्रत्यक्ष चालवतंय का?

नमस्कार मंडळी,

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर आमचा लॉज आहे. खाली भोजनालय, मागच्या अंगाला चादरी-टॉवेल धुवायची लॉन्ड्री. दोन्हींना मिळून रोज १९ किलोचे तीन कमर्शिअल सिलिंडर लागतात, गुरुवारी आणि पौर्णिमेला चार. दादाचं म्हणणं, गच्चीवर सरळ सोलर पॅनेल टाकू आणि मोकळं होऊ. माझं म्हणणं, आपला खरा खर्च विजेचा नाहीच, गॅसचा आहे. मग उन्हाची वीज करून तिची पुन्हा उष्णता कशाला करायची? थेट वाफच करू. महिनाभरात निर्णय घ्यायचा आहे, म्हणून हा धागा.

माझ्या डोळ्यासमोर शेफ्लर पद्धतीच्या डिश आहेत, म्हणजे ऊन एका ठिकाणी गोळा करणारे मोठे खोलगट आरसे. डिश सूर्यामागे फिरते, पण तिचा फोकस जागचा हलत नाही. त्यामुळे रिसीव्हर (गोळा झालेल्या उन्हाने पाण्याची वाफ होते ते भांडं) पक्का बसवता येतो आणि वाफेचा पाइप थेट भटारखान्यात उतरवता येतो. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ मध्ये १६ चौरस मीटरच्या अशा ७३ डिश बसल्या. उन्हाला जोडीला बॉयलर आहेच, ढग आले की तो वाफ पुरवतो. तेव्हा जाहीर झालेला आकडा वर्षाला सुमारे १ लाख किलो गॅस वाचण्याचा होता. वर्षात ३०० दिवस ऊन धरलं तर एका डिशमागे दिवसाला साडेचार किलो येतात.

मी एवढे धरत नाही. १६ चौरस मीटर हा आरशाचा आकार झाला. डिश तिरकी असते, त्यामुळे सूर्यासमोर त्यातले ऋतूप्रमाणे ९ ते साडेतेरा चौरस मीटरच येतात. वर धूळ, सकाळचा तापायला जाणारा वेळ, पाइपातून निसटणारी उष्णता. म्हणून मी डिशला अडीच किलो धरतो. बारा डिशचे ३० किलो, म्हणजे साधारण दीड सिलिंडर. तेवढे वाचले तरी मला पुरे आहे. भात, वरण, उसळी, बटाटे उकडणं आणि चादरींचं गरम पाणी हे सगळं वाफेवर होतं आणि नेमकं नऊ ते दोनच्या उन्हातच होतं. भाकरी आणि फोडणीला ज्योत लागणारच, ती गॅसवरच राहील.

दादाची बाजूही मांडतो, कारण ती कच्ची नाही. बारा डिश आणि त्यांच्या सावल्या सोडून जेवढी जागा जाते, तेवढ्यात ३५ किलोवॉटचे पॅनेल बसतात आणि दिवसाला १४० युनिटच्या आसपास देतात. डिशची उपयोगी उष्णता माझ्या हिशेबाने २०० युनिटच्या घरात आहे. पण डिशला फक्त थेट ऊन चालतं. आभाळ पांढुरकं झालं, सावली फिकट पडली की आरसे काही गोळा करू शकत नाहीत. पॅनेल मात्र अशा उजेडातही थोडीफार वीज देतं. जून ते सप्टेंबर डिश बऱ्यापैकी बसूनच राहणार, हे मी गृहीत धरलंय. शिवाय पॅनेलच्या विजेवर हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) लावला तर लॉन्ड्रीच्या पाण्याला एका युनिटमागे तीन युनिट उष्णता मिळू शकते. नुसत्या गरम पाण्यासाठी असेल तर दादाचंच बरोबर आहे. वाफेसाठी मात्र मला डिशच योग्य वाटते.

खरी भीती वेगळीच आहे. आमच्या भागातल्या एका आश्रमशाळेवर अशाच डिश आहेत, त्या बंद आहेत. मी वर जाऊन पाहिल्या. आरशांच्या कडांनी आतून काळं चढलंय, फिरवायची साखळी गंजून धरलीय आणि रिसीव्हरच्या तोंडाशी चिमण्यांनी घरटं केलंय. तिथल्या आचाऱ्याने सांगितलं, पहिली दोन वर्षं रोज वाफ यायची. मग डिश सकाळी पूर्वेला लावणारा माणूस सोडून गेला आणि कुणी ते काम घेतलं नाही. वस्तू चांगली असून माणसाअभावी पडून राहते, हे बघवत नाही हो.

म्हणून ज्यांच्याकडे हॉटेल, कँटीन, वसतिगृह किंवा कारखान्यात हे चालू आहे, त्यांना विचारतो. डिश रोज लावणं, आरसे पुसणं आणि ऋतूप्रमाणे डिशचा बाक बदलणं हे काम तुमच्याकडे कोण करतं? भटारखान्यातलाच माणूस की वेगळा पगारी? आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादली वाळली तरी पांढरं कडं उरतं. त्या पाण्याने आरशावर डाग पडतील आणि रिसीव्हरमध्ये क्षार साचेल. सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) पुरतो का, की पावसाचं पाणी साठवून तेच वापरता? वळवाच्या वादळात डिश कशा बांधता? गच्चीला आधार स्लॅबवर दिला की कॉलम-बीमवरच? आमच्या समोरून हायवे जातो, वाहनवाल्यांच्या डोळ्यांवर चमक गेल्याची तक्रार कधी आली का?

आणखी एक. लातूरच्या महानंद डेअरीत दूध पाश्चराइज करायला सुमारे १६० चौरस मीटरची एकच मोठी ‘अरुण’ डिश लावली होती, आयआयटी मुंबईच्या प्रा. शिरीष केदारे यांच्या कामातून आलेली. ती आपोआप दोन्ही अक्षांवर सूर्यामागे फिरते आणि एका खांबावर उभी राहते. आमच्याकडे मागे मोकळी जागा आहे. बारा लहानांपेक्षा एक मोठी परवडेल का? ती बिघडली तर सगळंच ठप्प, एवढीच धास्ती आहे.

भर: दोघांनी विचारलं म्हणून लिहितो. इमारत १९९८ ची, तळमजला अधिक दोन, गच्ची पूर्व-पश्चिम लांब, दक्षिणेला काही आडवं येत नाही. सध्याचा गॅसवरचा लहान बॉयलर ठेवणारच आहे, वाफेचा पाइप त्यालाच जोडायचा विचार आहे. दोन्हीकडची वाफ एकाच हेडरला (वाफ वाटणाऱ्या मुख्य पाइपला) घेताना उलटी वाफ डिशच्या बाजूला जाऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नेमका कुठे बसवलात, त्याचा फोटो कुणी टाकला तर फार उपकार होतील.